तिसऱ्या सायकलस्वाराचं काय?

25 एप्रिल 2010, रविवार. बेल्जियममधल्या लिएज शहराला लागून असलेलं आन्स हे उपनगर. आर्देनच्या टेकड्यांमधले चढ आणि अडीचशे किलोमीटरहून जास्त रस्ता मागे टाकून पुढे दोघंच उरले होते, कझाकस्तानचा अलेक्झांडर विनोकुरोव आणि रशियाचा अलेक्झांडर कोलोबनेव. शेवटच्या टप्प्यात विनोकुरोव निसटला. कोलोबनेवला त्याचं चाक पुन्हा गाठता आलं नाही. सहा सेकंदांच्या फरकाने लिएज–बास्तोन्य–लिएज संपली. ही शर्यत 1892 पासूनची आहे आणि मोठ्या एकदिवसीय शर्यतींमध्ये सगळ्यांत थोरली मानली जाते. विजेत्याचं स्वागत मात्र थंड झालं, काहींनी तर हुर्यो उडवली. विनोकुरोव 2007 च्या टूर द फ्रान्समध्ये रक्त चढवून घेतल्याबद्दल पकडला गेला होता आणि बंदी भोगून नुकताच परतला होता.

दीड वर्षाने, डिसेंबर 2011 मध्ये, 'लिलुस्त्रे' या स्विस साप्ताहिकाने दोघांमधले ई-मेल छापले. त्यांत बँक खात्याचे तपशील होते. आरोप असा होता की विनोकुरोवने दोन हप्त्यांत मिळून 1,50,000 युरो दिले आणि त्या बदल्यात कोलोबनेवने जिंकण्याचा हट्ट सोडला. विनोकुरोवचं म्हणणं, पैसे उसने दिले होते, शर्यतीशी त्यांचा काही संबंध नाही. प्रकरण लिएजच्या न्यायालयात सुनावणीला यायला 2019 उजाडलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. पैसे शर्यतीसाठीच दिले गेले, हे सिद्ध झालं नाही.

हा निकाल मी मनापासून मानतो. संशय कितीही दाट असला तरी त्यावर शिक्षा होऊ नये, आणि पुढे मी या दोघांबद्दल जे लिहीन ते हे लक्षात ठेवूनच वाचावं. मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ते ई-मेल छापून आल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या आठ वर्षांत सायकलिंग जवळून पाहणाऱ्या कितीतरी लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं: त्यात काय एवढं, हे तर पहिल्यापासून चालत आलंय. आरोप खरा असो वा खोटा, या वाक्याला मात्र ठाम उत्तर दिलं पाहिजे, असं मला वाटतं.

त्याआधी या खेळाची एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर क्रिकेटवरून अंदाज बांधला जाईल आणि तो चुकेल. सायकल शर्यतीत खरा प्रतिस्पर्धी वारा असतो. पुढच्याच्या मागे, त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर राहिलं की सपाटीवर सुमारे 30 टक्के श्रम वाचतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलं तर त्याहून जास्त. त्यामुळे इथे एकट्याने जिंकणं जवळपास अशक्य असतं. आपल्या संघातले सहकारी लागतातच, पण दिवसातले काही तास विरोधी संघातल्या माणसांशीही जुळवून घ्यावं लागतं. चौघं पुढे पळाले की चौघांनी आळीपाळीने वारा अंगावर घ्यायचा. चौघांनाही ठाऊक असतं की शेवटच्या किलोमीटरमध्ये आपण एकमेकांवर तुटून पडणार आहोत, पण तिथवर पोचायचं तर आत्ता एकमेकांना ओढलं पाहिजे. असं रोजचं देणंघेणं दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेलं नाही, आणि माझं सायकलिंगवर प्रेम आहे त्याचं अर्धं कारण हेच आहे.

या देण्याघेण्याचे अलिखित संकेत आहेत. ज्याच्या अंगावर टूरची पिवळी जर्सी आहे, म्हणजे एकूण वेळेत जो आघाडीवर आहे, तो डोंगरात दिवसभर सोबत राहिलेल्याला टप्पा सोडून देतो. एकाला एकूण वेळेत फायदा, दुसऱ्याला दिवसाचं यश. 1986 च्या टूरमध्ये आल्प द्युएझ या चढाच्या माथ्यावर बर्नार इनो आणि ग्रेग लेमंड हातात हात घालून पोचले आणि चाक पुढे लागलं ते इनोचं. ते दोघं एकाच संघाचे होते. पण 2000 च्या टूरमध्ये माँ व्हाँतू या डोंगरावर लान्स आर्मस्ट्राँग आणि मार्को पान्तानी वेगळ्या संघांतून लढत होते. आर्मस्ट्राँगने शेवटी जोर लावला नाही आणि मी त्याला जिंकू दिलं, असं तो पुढे बोलून गेला. पान्तानीला ते झोंबलं. दान म्हणून मिळालेला विजय त्याला नको होता. मला यात पान्तानीची बाजू कळते. दोघांच्याही पुढच्या कथा डोपिंगने काळवंडल्या, तरी त्या एका प्रतिक्रियेत खेळाडूचा जो स्वाभिमान दिसतो तो खरा आहे.

तर, ‘चालत आलंय’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: जिथे मदतीची देवाणघेवाण हाच खेळाचा प्राण आहे, तिथे एकाने फेड म्हणून उद्या मदत केली काय आणि पैसे दिले काय, फरक फक्त चलनाचा.

फरक चलनाचा आहे हे खरं. पण चलन बदललं की सगळंच बदलतं. मदतीची फेड मदतीने करायची तर ती पायांतूनच करावी लागते. आज तू मला ओढलंस, उद्या मी तुला ओढीन; त्या उद्याच्या दिवशी माझं बळ खर्च होईल, कदाचित माझी संधीही जाईल. कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याच्या पायांत आहे त्याहून जास्त उधारी तो करू शकत नाही. आणि हे सगळं रस्त्यावर, कॅमेऱ्यासमोर घडतं. जाणकार प्रेक्षक ते ओळखतो, समालोचक बोलून दाखवतो, बाकीचे संघ त्याप्रमाणे डाव बदलतात. पैशाला यातली एकही मर्यादा नाही. तो शर्यतीबाहेरून येतो, ज्याच्याकडे जास्त आहे तो हवा तेवढा ओततो, आणि तो दिसत नाही. तो दिसला नाही तरच त्याचा उपयोग होतो.

आता माझ्या तरुणपणची एक गोष्ट सांगतो. कॉलेजात असताना मी जिल्हा पातळीवरच्या शर्यती खेळायचो. एका शर्यतीत शेवटच्या 20 किलोमीटरला दोघं पुढे निसटले आणि मी मागे एकटा उरलो. अंतर अर्ध्या-पाऊण मिनिटाचं. समोरून वारा. मला आशा होती, आणि ती वेडी आशा नव्हती. दोघं पुढे असले की शेवट जवळ आल्यावर ते एकमेकांवर डोळा ठेवायला लागतात. तू आधी जा, मी तुझ्या चाकामागून येतो, असा खेळ सुरू होतो, वेग पडतो आणि मागचा माणूस येऊन मिळतो. मी कित्येकदा असे दोघं पकडले जाताना पाहिले होते. म्हणून जीव तोडून पायडल मारत राहिलो. त्या दिवशी पुढच्या दोघांचा वेग शेवटपर्यंत पडलाच नाही. मी तिसरा आलो, रस्त्याच्या कडेला बसून ओकलो आणि दोघांच्या ताकदीला मनोमन नमस्कार केला. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यांनी वाटेतच ठरवलं होतं: पहिला कुणीही येवो, दोन्ही बक्षिसं एकत्र करून निम्मी-निम्मी.

रक्कम किरकोळ होती. त्या वयात आणि त्या परिस्थितीत दोन पोरांनी असं ठरवणं मी समजूही शकतो. पण त्या प्रसंगाने मला या प्रश्नाचा गाभा दाखवला. शर्यत विकण्यात फसवणूक कुणाची होते, असं विचारलं की लोक प्रेक्षकाचं नाव घेतात, प्रायोजकाचं घेतात. सगळ्यांत आधी फसतो तो मागून येणारा तिसरा. पुढच्या दोघांचा एकमेकांवरचा अविश्वास हे त्याचं एकमेव भांडवल असतं. सौदा झाला की तो अविश्वास संपतो, दोघं निर्धास्तपणे शेवटच्या मीटरपर्यंत एकत्र जोर लावतात आणि तिसऱ्याची संधी त्याच्या नकळत काढून घेतली जाते. त्याला वाटतं, आपण कमी पडलो.

लिएजच्या त्या दिवशी मागे कोण होतं? स्पेनचा आलेहान्द्रो वाल्वेर्दे आणि बेल्जियमचा फिलिप जिल्बेर, दोघंही मिनिटभराने पोचले. रक्ताच्या डोपिंगच्या जुन्या प्रकरणात वाल्वेर्देचा निकाल नंतर रद्द झाला आणि जिल्बेरचं नाव तिसऱ्या जागी आलं. जिल्बेर वाढला तो या शर्यतीच्या वाटेवरच्या ला रेदूत या नावाजलेल्या चढाच्या पायथ्याशी. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, तो ही शर्यत जिंकला. न्यायालयात काही सिद्ध झालेलं नाही, म्हणून 2010 मध्ये त्याचं काही हिरावलं गेलं असं मी म्हणू शकत नाही. मी एवढंच म्हणतो की त्या आठ वर्षांत पैसे देणारा, पैसे घेणारा, ई-मेल आणि बँकेचं खातं यांवर भरपूर चर्चा झाली. मागून येणाऱ्यांबद्दल बोलणारे फार थोडे निघाले.

दुसरं प्रकरण अमेरिकेतलं, 1993 चं. त्या वर्षी तिथल्या तीन शर्यती एकाच खेळाडूने जिंकल्या तर दहा लाख डॉलर, असं बक्षीस जाहीर झालं होतं. पिट्सबर्गची एकदिवसीय शर्यत, वेस्ट व्हर्जिनियातली अनेक टप्प्यांची आणि फिलाडेल्फियातली राष्ट्रीय अजिंक्यपदाची. तीन वेगळ्या प्रकारच्या शर्यती एकाने जिंकणं फार अवघड. 21 वर्षांच्या लान्स आर्मस्ट्राँगने तिन्ही जिंकल्या. प्रतिस्पर्धी कूर्स लाइट संघातून खेळणारा न्यूझीलंडचा स्टीफन स्वार्ट याने पुढे 2006 च्या एका लवाद सुनावणीत शपथेवर सांगितलं की आर्मस्ट्राँगच्या बाजूने त्यांना 50,000 डॉलरचा प्रस्ताव आला होता, आव्हान देऊ नका म्हणून. त्याच संघातला इटालियन रोबेर्तो गाजोली 2013 मध्ये एका इटालियन दैनिकाशी बोलला. त्याच्या सांगण्यानुसार आर्मस्ट्राँग त्याच्याकडे ख्रिसमसची भेट म्हणून पानेतोनेचा, म्हणजे नाताळातल्या गोड पावाचा, डबा घेऊन आला, शुभेच्छा देऊन निघून गेला, आणि डब्यात एक लाख डॉलर होते, सुट्या नोटांमध्ये.

गाजोलीचा हा एकट्याचा शब्द आहे आणि तो वीस वर्षांनी उच्चारलेला आहे. तरी या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं 2012 मध्ये डोपिंगमुळे काढून घेतली गेली आणि त्याची कीर्ती धुळीला मिळाली. डोपिंगवर हजारो पानं लिहिली गेली. त्याच माणसाबद्दलचा शर्यत विकत घेतल्याचा आरोप मात्र जेमतेम चार दिवस वृत्तपत्रांत राहिला. डोपिंग हे पाप आणि पैसे देणं ही रीत, अशी या खेळाच्या मनातली वर्गवारी आहे. मला ती उलटीपालटी वाटते. डोपिंग करणारा निदान शेवटच्या मीटरपर्यंत जिंकायचा प्रयत्न तरी करत असतो.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: नुरा कुस्ती. लाल मातीचे शौकीन या शब्दाचा उच्चार सुद्धा तोंड वाकडं करून करतात. दोन मल्लांनी आधी ठरवून लढत रंगवली, असा नुसता संशय आला तरी मैदानात आरडाओरड होते, पंचांना घेरलं जातं. गावच्या जत्रेतली शेवटची कुस्ती असली तरी लोकांना ती खरी हवी असते. युरोपातल्या गावांमध्ये टूर द फ्रान्स संपल्यावर लगेच काही दिवस फेऱ्यांच्या छोट्या शर्यती होतात, ज्यांना क्रिटेरियम म्हणतात. बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्समध्ये बाजारपेठेभोवती फेऱ्या मारायच्या, टूरमधले तारे मानधन घेऊन येतात, आणि कोण जिंकणार हे साधारण आधीच ठरलेलं असतं. लोकांनाही ते ठाऊक असतं. ते बिअर घेऊन आवडत्या खेळाडूला जवळून पाहायला येतात. या प्रकाराला माझा आक्षेप नाही. तो खेळ कमी, जत्रा जास्त. माझी मागणी एवढीच की त्याला प्रदर्शन म्हणावं, शर्यत म्हणू नये, आणि त्याचा निकाल कुणाच्या खात्यावर विजय म्हणून मांडू नये. कारण जो तरुण दर उन्हाळ्यात ठरलेल्या निकालाच्या चार ‘शर्यती’ खेळतो, त्याला पाचव्या शर्यतीत कुणी येऊन हळूच आकडा सांगितला तर धक्का बसत नाही. सवय तिथे लागते.

पैसे घेणाऱ्याबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं. व्यावसायिक सायकलिंगमध्ये वरच्या दोन-चार खेळाडूंचं वर्षाचं उत्पन्न लाखो युरोंत जातं. सर्वोच्च श्रेणीतल्या पुरुष संघांत किमान वेतन वर्षाला 40,000 युरोंच्या आसपास आहे. तिसऱ्या श्रेणीच्या, कॉन्टिनेंटल म्हणवणाऱ्या संघांना तर आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान वेतनाचं बंधनच घातलेलं नाही. तिथली कित्येक मुलं घरून पैसे आणून खेळतात. करार एक किंवा दोन वर्षांचे. पस्तिशीला पाय थकतात, पुढे काय हे माहीत नसतं. अशा माणसाला दोन वर्षांच्या पगाराएवढी रक्कम दुसरा क्रमांक घेण्यासाठी कुणी देऊ केली, तर नाही म्हणायला काय लागत असेल याची कल्पना मला इथे बसून करता येणार नाही. म्हणून शिक्षा ठरवताना देणाऱ्याला जास्त आणि घेणाऱ्याला कमी, असं माझं मत आहे. विकत घेणारा बहुतेक वेळा आधीच वरच्या पायरीवर असतो. त्याला बक्षिसाची रक्कम नको असते. मोठ्या एकदिवसीय शर्यतीच्या बक्षिसापेक्षा दीड लाख युरो कितीतरी जास्त आहेत. त्याला नावावर तो विजय हवा असतो, कारण पुढचा करार त्यावर होतो.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तर हा पैसा जवळजवळ राजमान्य आहे. तिथे देशांचे संघ उतरतात, म्हणजे वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळणारे एका दिवसासाठी सहकारी होतात. मग नेता म्हणतो, मी जिंकलो तर प्रत्येकाला एवढे. 1963 मध्ये बेल्जियममधल्या रोन्से गावी रिक व्हान लोयने आपल्या देशबांधवांशी असंच ठरवलं होतं, आणि अंतिम रेषेवर त्याच्याच संघातल्या बेनोनी बेहेतने त्याला मागे टाकलं. बेल्जियम त्यावर अजून वाद घालतं. या प्रकाराला मी लाच म्हणणार नाही, कारण ते एकाच जर्सीतले आहेत आणि ठराव काय असतो ते सगळ्यांना माहीत असतं. पण तो कागदावर, महासंघाच्या नोंदीत आला तर कुणाचं काही बिघडणार नाही.

नियमांचं बोलायचं तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, हिच्या नियमावलीत खेळाडूने स्वतःच्या संधीसाठी प्रामाणिकपणे लढावं आणि स्पर्धेच्या हिताला बाधा आणणारं संगनमत करू नये, असं कलम आहे. ते शब्दशः लावलं तर टूरचा अर्धा घोळका बाद होईल, म्हणून ते क्वचित लावलं जातं. इतकं रुंद कलम असणं म्हणजे कलम नसल्यासारखंच. मला त्याऐवजी एक अरुंद आणि धारदार नियम हवा: परवानाधारक खेळाडू, संघचालक आणि संघमालक यांच्यात, संघाच्या सीमेपलीकडे, कोणताही आर्थिक व्यवहार झाला तर तो ठरावीक मुदतीत संघटनेला कळवावा. उसने असोत, भेट असो, घराचा व्यवहार असो. कळवलेला व्यवहार गैर ठरेलच असं नाही. न कळवलेला मात्र आपोआप नियमभंग ठरावा. मग न्यायालयात जे सिद्ध करणं इतकं कठीण ठरलं, पैसा नेमका कशासाठी गेला, ते सिद्ध करायची गरजच उरणार नाही. रस्त्यावरून काही कळत नाही. थकलेला माणूस आणि थकल्याचं सोंग आणणारा माणूस कॅमेऱ्यात सारखेच दिसतात.

हा प्रश्न आता आपल्यापासून फार लांब राहिलेला नाही. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या 2.2 श्रेणीतली, म्हणजे दुसऱ्या वर्गातली, टप्प्यांची शर्यत झाली. ज्या बोरघाटात मुंबई–पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’साठी पिढ्यान् पिढ्या मुलं धापा टाकत आली, त्या मुलुखातल्या खेळाडूंना आता आंतरराष्ट्रीय गुण मिळवायची संधी घराजवळ आली. गुणांना किंमत आली की सौद्यांनाही किंमत येते. आणि आपला कायदा या बाबतीत मोकळा आहे. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सांगितलं की सामना निश्चित करणं अप्रामाणिक असेल, पण ती तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 420 खालची फसवणूक होत नाही. कारवाई क्रिकेट मंडळाने करावी. म्हणजे सायकलिंगमध्ये उद्या असं काही घडलं तर जबाबदारी महासंघावर आणि आयोजकांवर येणार. घटना घडायची वाट न पाहता, नावनोंदणीच्या अर्जातच व्यवहार जाहीर करण्याची एक ओळ त्यांनी आजच घालावी.

त्या जिल्हा शर्यतीत माझ्या पुढे पोचलेल्या दोघांपैकी एकजण आज माझा जवळचा मित्र आहे. अजूनही रविवारी आम्ही घाटात जातो, वर चहाच्या टपरीवर थांबतो. निम्म्या-निम्म्याची गोष्ट त्यानेच मला तिथे सांगितली, बोलता बोलता, अगदी सहज. मी त्याला विचारलं, “अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” त्याने ग्लास खाली ठेवला. “कुणी विचारलंच नाही रे,” तो म्हणाला.